उपचारच नाही तर डोळ्याच्या पडद्याचे (रेटिनाचे) एवढे फोटो कशाला काढायचे?

एका आईचा प्रश्न आहे. मुलगा ८ वर्षांचा, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून चष्मा लागला, चष्म्याने फरक पडेना म्हणून आळशी डोळा (डोळा निरोगी, पण मेंदू त्याची नजर नीट वापरत नाही) सांगून पट्टी सुरू झाली, दोन वर्षं पट्टी लावून नजर उजव्याला ६/२४ आणि डाव्याला ६/१८ (नॉर्मल ६/६). आता नवीन डॉक्टर म्हणतात पडद्याचा आनुवंशिक आजार वाटतोय, आणि त्यांनी ओसीटी आणि ऑटोफ्लुरोसन्स हे पडद्याचे फोटो, ईआरजी (प्रकाशाला पडदा विजेचा कसा प्रतिसाद देतो ते मोजणारी टेस्ट) आणि त्यानंतर जीन टेस्ट असं सगळं लिहून दिलंय. लग्न नात्यातलं, मामाच्या मुलाशी. आणि शेवटी विचारलंय की या आजारांवर औषधच नाही असं सगळे म्हणतात, मग एवढा खर्च करून फोटो काढायचे कशासाठी?

ताई, मी लहान मुलांच्या पडद्याचंच काम करतो, बरीच वर्षं करतोय, त्यामुळे सविस्तर लिहितो, थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे "औषध नाही" हे सगळ्या आजारांना एकत्र लागू पडत नाही. पडद्याचे आनुवंशिक आजार शेकडो जीन्समुळे होतात, आणि त्यातल्या काहींवर आज करण्यासारखं बरंच आहे, काहींमधे अमुक एक गोष्ट टाळायची असते, काहींमधे डोळ्यापेक्षा किडनी किंवा कान आधी तपासावे लागतात. यातला तुमच्या मुलाचा कुठला हे नुसतं टॉर्च मारून कळत नाही, आणि बऱ्याचदा जीन टेस्ट करूनही कळत नाही जोपर्यंत फोटो हातात नसतात. म्हणून फोटो आधी.

तुमच्या मुलाबद्दल न बघता मी निदान सांगणार नाही, पण एक गोष्ट खटकते ती सांगतो. आळशी डोळा साधारण एका डोळ्याचा असतो, किंवा दोन्ही असले तर त्यामागे मोठा नंबर, तिरळेपणा, जन्मापासूनचा मोतीबिंदू असं काहीतरी कारण सापडतं. दोन्ही डोळे जवळजवळ सारखेच कमी, नंबर किरकोळ, आणि पट्टीने तक्त्यावरच्या ओळभरही सुधारणा नाही, अशा मुलाचा ओसीटी झालाच पाहिजे. आळशी डोळा हे निदान दुसरं काही सापडलं नाही की मग करायचं असतं, आणि पडदा नीट बघितल्याशिवाय दुसरं काही नाही असं म्हणता येत नाही.

ओसीटी म्हणजे प्रकाशाने काढलेला पडद्याचा उभा छेद. १९९१ मधे अमेरिकेत एमआयटीच्या टीमने तो पहिल्यांदा दाखवला, आणि आताची मशीनं ५ ते ७ मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर वेगळे दाखवतात. सुई नाही, स्पर्श नाही, एक्स-रे नाही, मुलाने हनुवटी टेकवून दिव्याकडे काही सेकंद बघायचं एवढंच. आम्ही त्यात आधी ईझेड लाईन बघतो, एलिप्सॉइड झोन, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशींची एक उजळ रेघ. ती अखंड आहे का, मधेच तुटलीये का, कडेने विरत चाललीये का, यावरून निम्मा अंदाज येतो.

आता मुलगा आहे आणि शाळेच्या वयात दोन्ही नजरा अर्धवट कमी आहेत म्हटल्यावर डोक्यात येणारा एक आजार म्हणजे एक्स-लिंक्ड रेटिनोस्कायसिस. यात पडद्याचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधोमध पाण्याच्या पोकळ्या तयार होतात. चुळबुळ करणाऱ्या मुलाचा पडदा घाईत बघितला तर चाकाच्या आऱ्यांसारख्या त्या बारीक रेषा सहज निसटतात, पण ओसीटीत त्या पोकळ्या ठळक दिसतात, अशी मुलं वर्षानुवर्षं पट्टी लावून फिरत असतात. याचा जीन आरएस१, एक्स गुणसूत्रावर असतो, १९९७ मधे सापडला. तो आईकडून मुलाकडे येतो, त्यामुळे मी नेहमी विचारतो की मामाची नजर कशी आहे, आईच्या वडिलांची कशी होती, मावशीच्या मुलांना काही त्रास आहे का. इथे नात्यातल्या लग्नाचा काही संबंध नसतो, हे मी मुद्दाम लिहितोय कारण घराघरात या मुद्द्यावरून आईला बोल लावले जातात. एक्सवरचा दोष कुणी ठरवून देत नाही.

आणि या आजारात करण्यासारखं आहे. डॉर्झोलामाइडचे थेंब, तेच जे काचबिंदूला वापरतात, किंवा अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या, यांनी बऱ्याच मुलांमधे त्या पोकळ्या कमी होतात आणि काहींची नजर एखाद-दोन ओळी वाढते. सगळ्यांना लागू पडत नाही, आणि पोकळी बसली म्हणजे नजर वाढलीच असंही नाही. गोळीने हातापायाला मुंग्या येणं, पोटॅशियम कमी होणं, मुतखडा हे होऊ शकतं, म्हणून मुलांमधे थेंबांपासून सुरुवात बरी. पण थेंब चालू ठेवायचे की थांबवायचे हे ठरवणार कशावर, तर दर काही महिन्यांच्या ओसीटीवर, म्हणजे तोच फोटो निदानाचा आणि तोच उपचाराचा. शिवाय या मुलांचा पडदा सुटण्याचा आणि डोळ्यात रक्तस्राव होण्याचा धोका असतो, त्यामुळे कडेचा पडदाही नियमित बघावा लागतो आणि कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग असले डोक्याला मार बसणारे खेळ नकोत. हे ऐकून कोल्हापूर-सांगलीकडची मुलं खूप नाराज होतात, मी त्यांना पळण्याच्या शर्यतीकडे वळवायला सांगतो.

दुसरा आजार स्टारगार्ट. कार्ल स्टारगार्ट या जर्मन डॉक्टरांनी १९०९ मधे वर्णन केलेला, जीन एबीसीए४, तोही १९९७ मधेच सापडला. यात आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत यावी लागते, म्हणून इथे नात्यातलं लग्न मधे येतं, आणि प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. या मुलांचं सगळ्यात मोठं दुःख मला वाटतं ते म्हणजे सुरुवातीला पडदा नॉर्मल दिसतो. नजर खाली जाते, डॉक्टरला पडदा ठीक दिसतो, मग सगळे म्हणतात अभ्यास टाळायला नाटक करतोय. मूल घरी बोलणी खातं, शाळेत मार्क जातात, आणि ते खरं बोलत असतं. अशा वेळी ओसीटीत मधोमध ईझेड लाईन तुटलेली दिसते, लहान वयात त्याच्या वरची एक्स्टर्नल लिमिटिंग मेंब्रेनची रेघ जाड झालेली दिसते, कधी कधी तीच पहिली खूण असते.

ऑटोफ्लुरोसन्सचा फोटो इथे खरा कामाला येतो. पडद्याच्या मागच्या पेशींमधे लिपोफसिन नावाचा साका साठतो, निळा प्रकाश टाकला की तो स्वतःच चमकतो, आणि मशीन ती चमक टिपतं. स्टारगार्टमधे हा साका जास्त असतो म्हणून सगळा पडदाच उजळ दिसतो, त्यात आणखी उजळ ठिपके, आणि जिथे पेशी मेल्या तिथे काळा डाग, पण दृष्टिनाडीच्या भोवतीचा गोल भाग बऱ्याचदा वाचलेला असतो. हा नमुना एकदा बघितला की लक्षात राहतो. पूर्वी यासाठी हाताच्या शिरेत डाय टोचून अँजिओग्राफी करायचे, आता बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही, मुलाला सुई नको म्हणून हे मला फार मोलाचं वाटतं. एक मात्र सांगा टेक्निशियनला, स्टारगार्टची शंका असेल तर उगाच दहा-दहा वेळा प्रखर निळा प्रकाश मारू नका, कमी उजेडाची सेटिंग असेल तर ती वापरा.

आणि हे निदान झालं तर व्हिटॅमिन ए च्या गोळ्या, कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल, "डोळ्यांचं टॉनिक" हे सगळं बंद. गाजर, पालेभाज्या, रोजचं जेवण खुशाल द्या, पण वरून डोस नको, कारण तो साका व्हिटॅमिन ए पासूनच तयार होतो. रातांधळेपणा म्हटलं की लोक लगेच व्हिटॅमिन ए देतात. खरी कमतरता असेल तर ते योग्यच आहे, आणि त्याने थोड्या दिवसात फरक पडतो. पण कमतरता नसताना आणि आजार स्टारगार्ट असताना तेच चुकीचं ठरतं, आणि हे दुकानातून स्वतःच घेऊन दिलं जातं.

आता जीन टेस्टकडे येतो कारण खर्च तिथे आहे. लोकांना वाटतं जीन टेस्ट म्हणजे शेवटचा शब्द. तसं नाहीये. रिपोर्टमधे "अनिश्चित महत्त्वाचा बदल" असं लिहून येतं, म्हणजे त्याने आजार होतो की नाही हे अजून माहीत नाही, कधी दोन-तीन जीन्समधे काही ना काही सापडतं, कधी एबीसीए४ ची एकच प्रत बिघडलेली मिळते आणि दुसरी मिळतच नाही. मग ठरवायचं कसं? फोटोवर. समजा रिपोर्ट रेटिनायटिस पिगमेंटोजाचा (यात पडदा साधारण कडेपासून खराब होत जातो) जीन दाखवतोय पण कडेचा पडदा पूर्ण निरोगी आणि नुकसान फक्त मधोमध, तर तो रिपोर्ट मी मान्य करणार नाही, पुन्हा बघायला पाठवीन. लॅबलाही फोटोचं वर्णन पाठवलं तर ते योग्य ठिकाणी शोधतात. लंडनच्या मूरफील्ड्स हॉस्पिटलशी जोडलेल्या टीमने आय-टू-जीन नावाची एआय सिस्टिम बनवलीये जी ओसीटी आणि ऑटोफ्लुरोसन्स बघून कुठला जीन असेल याचा अंदाज देते, म्हणजे बरेच जीन पडद्यावर आपली खूण सोडतात हे मशीनलाही दिसतंय. नुकसान करणारा बदल सापडला की आईवडिलांचं रक्त तपासून तो कुणाकडून आला हे बघायचं, ते टाळू नका, त्याशिवाय रिपोर्ट अर्धा आहे.

फोटोही आईवडिलांचे काढायला लावा. हे फार कमी लोक करतात आणि यातून कधी कधी सगळा गुंता सुटतो. आरपीजीआर या जीनचा एक्स-लिंक्ड रेटिनायटिस पिगमेंटोजा असेल तर आईची नजर चांगली असूनही तिच्या ऑटोफ्लुरोसन्समधे मधून बाहेर जाणाऱ्या किरणांसारखा नमुना दिसू शकतो. कोरॉइडरेमियात, हाही एक्सवरून येणारा पडद्याचा आजार, आईचा पडदा ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. एफईव्हीआर नावाचा आजार आहे, बाळ पूर्ण दिवसांचं असूनही पडदा कमी दिवसांच्या बाळासारखा अर्धवट रक्तवाहिन्यांचा, त्यात वडिलांना काहीही त्रास नसतो पण वाइड-फील्ड अँजिओग्राफी केली की त्यांच्याही पडद्याच्या कडेला रक्तवाहिन्या पोचलेल्या नसतात. बेस्ट डिसीजमधे (पडद्याच्या मधोमध पिवळा साका साठणारा आनुवंशिक आजार) उलटं, आईवडिलांपैकी एकाचा पडदा स्वच्छ दिसेल पण ईओजी टेस्ट (पडद्यामागच्या पेशींचं काम विजेच्या मोजमापाने बघणारी) बिघडलेली असेल. बेस्टच्या मुलांमधे ओसीटीचा आणखी एक उपयोग, पडद्याखाली नवीन रक्तवाहिनी फुटली तर ती इंजेक्शनने आटोक्यात येते पण वेळेत पकडावी लागते, हल्ली डाय न टोचता ओसीटी अँजिओग्राफीवरही ती दिसते.

अगदी लहान बाळांचं थोडं सांगतो कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरी ते असेल. जन्मापासून डोळे हलतात, बाळ आईकडे बघत नाही, बोटांनी डोळे चोळत-दाबत राहतं, अशा बाळात लेबर कंजेनायटल अमॉरोसिसचा, म्हणजे अगदी बाळपणापासून नजर फार कमी असण्याच्या पडद्याच्या आनुवंशिक आजाराचा विचार करतात. त्यातला एक जीन आरपीई६५, आणि यावर जीन थेरपी खरोखर आहे, लक्स्टर्ना, अमेरिकेत डिसेंबर २०१७ मधे मंजूर झाली. तिथली सुरुवातीची किंमत दोन्ही डोळ्यांची ८.५ लाख डॉलर, म्हणजे आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्यांच्या आवाक्याबाहेर, हे मला रोज टोचतं. पण निदान चुकू नये यासाठी फोटोत एक सुंदर खूण आहे. या मुलांमधे व्हिटॅमिन ए चं चक्रच अडलेलं असल्याने तो साका तयार होत नाही, त्यामुळे ऑटोफ्लुरोसन्स जवळजवळ काळा येतो आणि त्याच वेळी ओसीटीत थर बऱ्यापैकी टिकलेले दिसतात. पेशी जिवंत आहेत पण काम करत नाहीत असा तो फोटो सांगतो, आणि थेरपी द्यायची की नाही हे ठरवतानाही ओसीटीवर जिवंत थर किती उरलाय हेच बघतात. तेवढ्या लहान बाळांसाठी हातात धरायचं ओसीटी आणि रेटकॅमसारखा मोठ्या कोनाचा कॅमेरा असतो, भूल द्यावी लागू शकते, मग एकाच भुलीत सगळे फोटो उरकून घ्यावेत.

मोबाईलच्या फ्लॅशमधे एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसली तर हे पुढचं काहीही वाचत बसू नका, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. रेटिनोब्लास्टोमा हा पडद्याचा कॅन्सर आहे, वेळेत सापडला तर जीव वाचतो आणि बऱ्याचदा डोळाही. घरात आधी कुणाला झाला असेल तर पुढच्या बाळाचा पडदा जन्मल्यापासून तपासायचा, ओसीटीत डोळ्याला न दिसणारी इवलीशी गाठही पकडता येते.

पडदा दुसऱ्या अवयवांचीही बातमी देतो. लेबरसारखा पडदा आणि मूल सारखं पाणी पितंय, खूप लघवी होतेय, उंची वाढत नाहीये, तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि बीपी बघा, किडनीचा आजार सोबत असू शकतो. जन्मतः सहावं बोट काढलेलं आणि वजन झपाट्याने वाढणारं मूल असेल तर बार्डेट-बीडल सिंड्रोमचा विचार करा, तोही पडद्यासोबत किडनीला धरणारा आनुवंशिक आजार. पाच-सात वर्षांचं मूल वर्षभरात झपाट्याने नजर गमावत असेल आणि वागणं, बोलणं, अभ्यास पण बदलत असेल तर मेंदूच्या डॉक्टरला सोबत घ्या. आणि ज्याला जन्मापासून ऐकू येत नाही, चालायला उशीर झाला, अशा मुलाचा पडदा आणि ईआरजी सुरुवातीला पडदा ठीक दिसतो तेव्हाच तपासा, अशर सिंड्रोम (ऐकणं आणि नजर दोन्हीवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार) असू शकतो. मूकबधिर शाळेतलं मूल खुणा आणि ओठ बघून शिकतं. त्याच्या नजरेचा घेर आकसतोय हे शाळेला माहीतच नसेल तर त्या मुलाकडे काहीच उरत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटचा (ऐकू येण्यासाठी ऑपरेशनने कानात बसवायचं यंत्र) निर्णय यावरून लवकर होतो.

आता तुमच्या तपासणीच्या दिवसाचं. क्रम असा ठेवायला सांगा: आधी नजर, मग ईआरजी, मग फोटो. ईआरजीच्या आधी कॅमेऱ्याचे झोत डोळ्यावर पडले तर रिपोर्ट बिघडतो, फोटो आधी झालेच तर साध्या उजेडात निदान अर्धा तास बसवायचं, आणि ईआरजीसाठी वेगळं २० मिनिटं अंधारात. बाहुली मोठी करायच्या थेंबांनी चुरचुरतं हे मुलाला खरं सांगा, "काही होत नाही" म्हणालात तर पुढच्या स्कॅनला तो विश्वास ठेवणार नाही. डोळे हलत असतील तर मान ज्या बाजूला वळवल्यावर कमी हलतात तसा बसवून फोटो घ्यायचा. दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल तर तारीख बदला, बाहुली मोठी केल्यावर जवळचं वाचता येत नाही.

रिपोर्टवर जो लाल-हिरवा नकाशा छापून येतो त्यावर घाबरूही नका आणि निर्धास्तही होऊ नका. बहुतेक मशीनमधली "नॉर्मल" आकडेवारी मोठ्या माणसांची असते, आठ वर्षांच्या मुलाला ती लागू होत नाही. शिवाय रेटिनोस्कायसिससारख्या आजारात मशीन थरांच्या रेघाच चुकीच्या ओढतं आणि जाडीचा आकडा भलताच येतो. डॉक्टरने मूळ छेद स्क्रीनवर एकेक करून बघायला हवेत. म्हणून तुम्ही मूळ फाईल मागा, पेनड्राइव्हवर घ्या, कागदाची प्रिंट पुरेशी नाही. आणि पुढच्या वर्षी शक्यतो त्याच कंपनीच्या मशीनवर स्कॅन करा, कारण वेगवेगळी मशीनं जाडी वेगवेगळ्या रेघेपासून मोजतात, आकडा बदलला की आजार वाढला असं उगाच वाटतं. ईझेड लाईन दोन वर्षांत किती आकसली हे त्याच मशीनच्या दोन फोटोंवरून जितकं कळतं तितकं कुठल्याच एका तपासणीत कळत नाही, आणि उद्या नव्या उपचाराची कुठली ट्रायल (चाचणी) आली तर पहिली मागणी जुन्या फोटोंचीच असते.

पुण्या-मुंबईत ओसीटी सगळीकडे आहे, जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळतं. ऑटोफ्लुरोसन्स आणि मुलांचा ईआरजी मोठ्या ठिकाणी. आनुवंशिक आजारांचं खास काम हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद, बंगळुरूचं नारायण नेत्रालय इथे चालतं, एकदा तरी अशा ठिकाणी फाईल दाखवलेली चांगली. पैसे तुटपुंजे असतील तर आधी ओसीटी करा, जीन टेस्टच्या मानाने ते खूप स्वस्त आहे, आणि ते बघून बाकीचं काय लागेल ते ठरेल. आणि जे कुणी स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन पडदा बरा करतो म्हणून लाखो रुपये मागतात त्यांच्याकडे अजिबात जाऊ नका. पडद्याच्या या आजारांना स्टेम सेल ही मान्य उपचारपद्धत नाही, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मान्यताप्राप्त ट्रायलच्या बाहेर असं देणं अनैतिक आहे, आणि ट्रायलसाठी पेशंटकडून पैसे घेत नसतात.

नाव कळेपर्यंत मुलाची शाळा थांबवू नका, हे आजच करा. पहिला बेंच, मोठ्या अक्षरातली पुस्तकं, मोबाईल-टॅबवर फोटो काढून मोठं करून वाचणं, लो व्हिजन क्लिनिकमधून भिंगं. नजर निकषात बसत असेल तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्त आणि लागला तर लेखनिक मिळतो. ओसीटीचा रिपोर्ट जोडला की "चष्मा लावून दिसेल की" असं म्हणणाऱ्या शिक्षकांना समजावणं सोपं जातं. पट्टी चालू ठेवायची का, हे ओसीटी झाल्यावर त्याच डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद करू नका.

धाकट्या मुलीचं पण तुम्ही विचारलंय, चार वर्षांची आहे आणि काही तक्रार नाही. ते मुलाच्या फोटोत काय निघतं त्यावर आहे. स्टारगार्टसारखा दोन्हीकडून येणारा आजार निघाला तर तिचाही ओसीटी आणि ऑटोफ्लुरोसन्स करून ठेवा, तक्रार सुरू व्हायच्या आधीही खुणा दिसू शकतात. रेटिनोस्कायसिस निघाला तर तिची नजर जायची भीती जवळजवळ नाही, ती फक्त वाहक असू शकते, आणि वाहक आहे का ही जीन टेस्ट तिची आत्ता करायची नाही, ती मोठी झाली की तिचं तिने ठरवायचं.